मोहबोडीच्या गाळाचा नकाशा

जयाला पोहता येत नाही, ही एकच गोष्ट सत्यवतीच्या मनातून काही केल्या हलत नव्हती. पोळ्या लाटताना, शाळेतल्या पोरींच्या वह्या तपासताना, रेशनच्या रांगेत उभी असताना ती कुठूनतरी यायची आणि पदर धरून उभी राहायची. डोळ्यांसमोर एक डोंगा कलायचा, हिरवं पाणी दिसायचं, आणि पाण्यावर पोरीची वेणी. मग तव्यावरची पोळी करपायची.

"पोट्टी एम. एस्सी. झाली, आता पीएच. डी. करून राहिली, अन् तुले अजून तिच्या बुडण्याचीच पडली," आनंदराव म्हणायचे. ते रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर होते आणि काळजी ही सुटीच्या दिवशी करायची गोष्ट आहे, असं त्यांचं मत होतं. "तिथं कंबरभर पाणी हाये फक्त."

"तुम्ही मोजलं?"

"डोंगेवाल्या नत्थूजीनं सांगतलं."

"नत्थूजीची कंबर कुठं अन् तिची कुठं."

यावर आनंदराव हसायचे आणि पेपर उघडायचे. विषय त्यांच्यापुरता संपायचा.

जया होतीच बुटकी. इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत, एकोणसाठ साली ती जन्मली तेव्हा सुईण म्हणाली होती, पोर एवढीशी आहे पण मूठ उघडत नाही. ती मूठ पुढंही कधी उघडली नाही. बापाबरोबर शेडवर गेली की फ्रॉकच्या ओच्यात रुळाखालची खडी भरून आणायची आणि उंबऱ्यावर मांडून बसायची. हा काळा, हा गुलाबी, ह्यात चमचम आहे. चवही घेऊन पाहायची. सत्यवतीनं तोंडात बोट घालून किती दगड काढले असतील, त्याला हिशेब नाही. पुढं कॉलेजात तिनं भूगर्भशास्त्र घेतलं, तेव्हा शेजारच्या तुळसाबाई दारात येऊन म्हणाल्या, "दगडाचं शिक्षण घेऊन कोण नोकरी देते वं पोरीले? मास्तरीण कर, तुझ्यावानी." वर्गात ती एकटी मुलगी. खाप्याला कन्हानच्या पात्रात अभ्यासाला गेले तेव्हा एका मुलानं भलेपणानं तिची दगडांची पिशवी उचलली. जयानं ती पिशवी परत घेतली आणि त्याची पिशवीही उचलली, म्हणे तुझी हलकी आहे, तू वेचलेच नाहीत. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं. तोच मुलगा एकदा पुस्तक न्यायला आला, तेव्हा हसत हसत सांगून गेला.

सत्यवतीला अभिमान वाटत नसे असं नाही. ती स्वतः बी. ए. झालेली, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणारी. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती कॉलेजात होती, आणि आपल्या आईचा, अंजनाबाईचा हात धरून त्या गर्दीत उभी असताना तिला वाटलं होतं, आता भीती संपली. बाकीची बरीचशी संपलीही. पण लेक झाली आणि भीतीनं घरात नवं बिऱ्हाड थाटलं.

मोहबोडी कामठी रोडला आहे, कामठीच्या अलीकडे. मोहाच्या झाडांच्या मागे पसरलेलं जुनं, उथळ तळं. असल्या लहान तळ्याला आपल्याकडे बोडीच म्हणतात. एका काठाला ओतकामाची भट्टी, तिचं धुराडं दिवसभर काळं ओकायचं. उरलेल्या पाण्यात शिंगाड्याचे वेल. जयाच्या सरांनी हीच बोडी निवडली होती. बोडीच्या तळाशी साचलेला गाळ नळीनं वर काढायचा, त्याच्या चकत्या करून डब्यांत भरायच्या आणि प्रत्येक डबी चुंबकाच्या यंत्राखाली घालून पाहायची, की ह्या गाळात भट्टीची घाण किती आणि ती कुठवर गेली.

"चुंबकाले घाण कशी कळते?" आनंदरावांनी विचारलं होतं.

जयानं त्या दिवशी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून दाखवलं. बापानंच कधीतरी मोडक्या रेडिओतून काढून दिलेलं लोहचुंबक तिनं पातळ कागदात गुंडाळलं. एका कागदावर बोडीच्या मधला वाळलेला गाळ पसरला, त्यावरून चुंबक फिरवलं. काही नाही. मग भट्टीजवळच्या कोपऱ्यातला गाळ पसरला. चुंबक वरून गेलं तसे बारीक काळे कण उठून उभे राहिले, मांजराच्या पाठीवरचे केस उभे राहावेत तसे.

"कोळशात लोखंडाचा अंश असते, बाबा. कोळसा जळला की त्याचे असे कण होतात. धुराबरोबर उडतात, पाण्यात पडतात अन् तळाशी जाऊन बसतात. आपल्या पश्चिमेकडचे तलाव काळ्या दगडावर आहेत, तो दगडच चुंबकाला ओढतो, तिथं काही समजत नाही. मोहबोडीखाली वाळूचा दगड. त्यात चुंबकाचं काहीच नाही. म्हणून बाहेरून आलेलं लगेच दिसते."

"म्हणजे पोलीस ठेवला तू तिथं," आनंदराव म्हणाले.

"पोलीस नाही गा. पोलीस कोणाचंही नाव लिहिते."

सत्यवती ते उभे राहिलेले काळे केस पाहात राहिली. तिला ते आवडलं नाही. असं काही पाण्याच्या तळाशी असतं आणि त्याच पाण्यावर आपली लेक डोंग्यात बसते.

ह्या कामाला लोखंड चालत नसे. गाळात गंजाचा एक कण पडला तरी आकडा बिघडायचा. जयानं केसांच्या पिना सोडल्या, वेणीला सुती दोरी बांधायला लागली. साडीची पिन गेली, मनगटावरचं घड्याळ गेलं, चपलेला खिळा आहे म्हणून चप्पल काठावर राहू लागली. गाळ कापायला लोखंडी सुरी नाही, बांबूची कामटी. सत्यवतीच्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना पाहून ती म्हणायची, "आई, तू माझ्या सामानापासून दूर राहा, तू चालतीफिरती भंगाराची गाडी आहेस."

तुळसाबाईंनी ह्याचाही अर्थ लावला. "पोरीनं पिना टाकल्या, घड्याळ टाकलं. भिक्खुणी होऊन राहिली का वं?"

"अभ्यास करून राहिली," सत्यवती म्हणाली.

"पिना लावल्यानं अभ्यास होत नाही का?"

सत्यवती समजावून सांगायला गेली, पण मध्येच तिच्याच लक्षात आलं की आज जया बोडीवर आहे आणि वारा सुटला आहे. ती भैयाजींच्या दुकानाकडे निघाली.

चौकातलं किराणा दुकान भैयाजींचं, आणि आसपास फोन तेवढा एकच. सत्यवती तिथून जयाच्या डिपार्टमेंटला फोन करायची. परत आली का, किती वाजता निघाली, पाऊस आहे का तिकडे. एकदा शिपायानं फोन बाजूला ठेवला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडला, "जया मॅडम, आईचा फोन हाये. तुम्ही बुडाल्या का म्हणून विचारून राहिल्या."

त्या संध्याकाळी जया जेवली नाही. नंतर ताट बाजूला सारून म्हणाली, "आई, सर आहेत तिथं, माझ्यापेक्षा लहान मुलं आहेत. मी उद्या कुठं बोलायला उभी राहिली तर लोकांना माझं काम आठवत नाही, तुझा फोन आठवते. मला शब्द दे. मी कुठंही असली तरी काळजीचा फोन करायचा नाही."

"अन् काम असलं तर?"

"काम असलं तर कर. पण तुझं काम काळजीच असते."

सत्यवतीनं शब्द दिला. आणि दुसऱ्याच रविवारी बसनं स्वतः मोहबोडीला गेली. फोन नाही करायचा, असं ठरलं होतं. जायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?

जया पाण्याच्या मध्यावर होती, डोंग्यात ओणवी, दोन्ही हातांनी नळी खाली दाबत. काठावर यायला त्यांना वेळ लागला. नत्थूजी उतरला तो हसतच. काळा, शिडशिडीत माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. शिंगाड्याचा ठेका त्याचाच. दर पावसाळ्यात वेल लावायचे आणि दिवाळीच्या सुमारास टोपल्या भरून बाजारात न्यायच्या, ह्यावर त्याचं घर चालायचं.

"तुमची पोट्टी पाण्याले भेत नाही, बाई. पाणी तिले भेते."

"तुमच्या डोंग्यात बसणाऱ्याले पोहता येते का, हे नाही पाहात का तुम्ही?"

"मले येते ना. दोघांत एकाले आलं त् पुरते."

"आई," जया दोरी सोडवता सोडवता म्हणाली, "बांगड्या घेऊन डोंग्याजवळ येऊ नको."

परतताना नत्थूजीनं उकडलेले शिंगाडे कागदात बांधून दिले. सत्यवतीनं बसमध्ये ते सोलून खाल्ले आणि तेवढा वेळ तिला जरा बरं वाटलं.

पहिल्या वर्षाचा नकाशा जयानं घरीच पुरा केला. बोडीचा आकार, त्यात ठिपके, ठिपक्यांजवळ आकडे, आणि जिथं आकडा मोठा तिथं लाल पेन्सिल. लाल रंग फक्त भट्टीच्या कोपऱ्यात होता, पान खाऊन कोणी एका कडेला थुंकावं एवढाच. बाकी बोडी पांढरी. सरांनी सांगितलं, पुढच्या वर्षी त्याच जागांवरून पुन्हा गाळ काढ, वरचा ताजा थर तेवढा. म्हणजे घाण सरकते आहे का ते कळेल.

त्या उन्हाळ्यात डिपार्टमेंटच्या नळांना पाणी नव्हतं. जयानं गाळ रिकामा करून सगळ्या डब्या पोत्यात भरून घरी आणल्या. लहान, गोल, प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या. तिला तापाची कणकण होती. ती म्हणाली, "मी धुते उद्या." सत्यवती म्हणाली, "तू झोप." तेव्हा जयानं पडल्या पडल्या सांगितलं, "साबण लावू नको, आई. अन् तारेची घासणी तर मुळीच नको, लोखंड आहे त्यात."

सत्यवतीनं अक्षर न् अक्षर पाळलं. बांगड्यांतल्या पिना काढून ठेवल्या. साबणाला हात लावला नाही, तारेची घासणी फळीवर टाकून दिली. नारळाची शेंडी घेतली आणि घरात भांड्यांना जे लागत आलं होतं, तेच लावलं. राख.

भांडी घासणं ही सत्यवतीच्या दृष्टीनं साधी गोष्ट नव्हती. कॉलेजात असताना एक मैत्रीण घरी आली होती. तिनं पाणी मागितलं, अंजनाबाईनं पेल्यात दिलं, आणि त्या मुलीनं पेला आधी दाराच्या उजेडात धरून आतून पाहिला. मग प्यायली. पण ती गेल्यावर अंजनाबाईनं घरातलं प्रत्येक भांडं अंगणात काढलं आणि राखेनं असं घासलं, की सत्यवतीला उन्हात तिकडे बघवेना. तेव्हापासून ह्या घराच्या पेल्यात डाग कधी कोणाला सापडला नाही. सरांच्या पत्नी चहाला आल्या होत्या, त्यांनीही विचारलं होतं, भांड्यांना काय लावता हो. त्या दिवशी मोरीत बसून सत्यवतीनं लेकीच्या डब्या तशाच घासल्या. दोनदा विसळल्या, सुपात पालथ्या घालून उन्हात वाळवल्या. जयानं एक डबी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाली, "नव्या दिसून राहिल्या." तिनं बोट घालून पाहिलं नाही. आईनं घासलेल्या भांड्यात कोण बोट घालून पाहतं?

दुसऱ्या वर्षीचा गाळ हिवाळ्यात निघाला. ह्या वेळचा नकाशा जयानं फरशीवर उलगडला तेव्हा आनंदराव चहा विसरून उभे राहिले. बोडी सगळी लाल होती. भट्टीचा कोपरा तसाच गडद, आणि पार पलीकडच्या मोहांपर्यंत फिकट लाल पसरलेला.

"एका वर्षात," जया म्हणाली. तिचा आवाज खाली होता. "सर म्हणतात असं कोणी दाखवलं नाही अजून. हैदराबादच्या परिषदेत मांड म्हणून राहिले. तिथून आलं की बोडी ज्या समितीकडे आहे, तिला अहवाल द्यायचा."

"मग चेहरा काहून असा?" सत्यवतीनं विचारलं.

"समिती शिंगाडा बंद करंल. अख्खा तळ असा असला तर करायलाच पाहिजे."

नत्थूजीला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. दोन दिवसांनी तो इंदोऱ्याला आला, दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. "पोरी, मी वरचं पाणी पाह्यतो. खालचं तूच पाह्यलं. तू म्हणशील ते खरं," एवढंच म्हणाला. मग सत्यवतीकडे वळून हसायचा प्रयत्न केला. "आता तुमची काळजी मिटली, बाई. डोंगाच बंद."

सत्यवतीला त्याच्या डोळ्यांत पाहवलं नाही. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात तिला बरंही वाटलं होतं. पोरगी आता पाण्यावर जाणार नाही.

जया हैदराबादच्या गाडीत बसली ती एप्रिलच्या उन्हात, नकाशाची गुंडाळी छातीशी धरून. कॅलेंडरच्या कोपऱ्यात तिनं गेस्ट हाउसचा नंबर लिहिला होता. "परवा सकाळी माझं बोलणं आहे. हा नंबर शोभेला आहे, आई. शब्द आठवते ना?"

"आठवते."

दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची होती. दुपारी घरी येऊन सत्यवतीनं एक ब्लाउज शिवायला काढला आणि बटणं हवीत म्हणून फळीवरची डबी खाली घेतली. ती जयाच्याच डब्यांतली एक होती. घासताना तिच्या झाकणाला तडा गेला, म्हणून ती दुसऱ्या वर्षी बोडीवर गेलीच नाही. सत्यवतीनं ती बटणांना ठेवून घेतली होती. झाकण फिरवलं तसं बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. झाकणाच्या आतल्या खाचेत एक करडी रेघ होती, गोल, वाळून घट्ट बसलेली.

तिला आधी रागच आला, स्वतःचा. एवढं घासलं आणि खाच राहून गेली. खराट्याची काडी घेऊन ती खाच कोरायला बसली. करडी पूड पांढऱ्या कागदावर पडली, चिमटीभरसुद्धा नाही. आणि मग तिचा हात थांबला.

शेगडी मागच्या अंगणात होती. आंघोळीचं पाणी तीवरच तापायचं. आनंदराव शेडवरून इंजिनातला अर्धवट जळलेला दगडी कोळसा आणत, तो त्या शेगडीत जायचा, आणि त्याची राख चाळून मोरीतल्या डब्यात.

रेडिओतलं चुंबक जयाच्या फळीवर होतं. सत्यवतीनं ते कागदात गुंडाळलं, लेक गुंडाळायची तसंच. आधी मोरीतल्या राखेवरून फिरवलं. काळे केस उभे राहिले. तिनं चुंबक उचललं, पुन्हा फिरवलं. पुन्हा उभे राहिले. मग खाचेतून निघालेल्या त्या एवढ्याशा पुडीवरून फिरवलं. थोडेच होते. पण होते.

ती तशीच मोरीच्या कडेला बसून राहिली. नळ गळत होता. ज्या डब्यांत दुसऱ्या वर्षीचा गाळ भरला, त्या सगळ्या तिनंच घासल्या होत्या, ह्याच राखेनं. पहिल्या वर्षी डब्या कोऱ्या होत्या, नकाशा पांढरा होता. बोडीच्या मधल्या गाळात चुंबकाला ओढणारं काही नव्हतं. तिथं एवढीशी राखसुद्धा मोठी दिसणार. मोहांपर्यंत पसरलेला तो फिकट लाल रंग भट्टीतून आलेला नव्हता. तो इंदोऱ्यातून गेला होता.

का नसेलही. आपण इतिहास शिकवणारी बाई. जया यंत्रावर बसते, तिचे सर परदेशात शिकून आले. त्यांना हे समजलं नसतं का? खाचेतली राख ती केवढी. सत्यवती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. पुन्हा उठून कॅलेंडरपाशी गेली, नंबर पाहिला, परत आली. ब्लाउज तसाच पडला होता.

आनंदराव शेडवरून आले तेव्हा तिनं त्यांना हातपायही धुऊ दिले नाहीत. कागद दाखवला, चुंबक फिरवून दाखवलं. त्यांनी चुंबक हातात घेऊन स्वतः एकदा फिरवून पाहिलं.

"पोरीनं रिकाम्या डब्या तपासल्या असतील ना," ते म्हणाले.

"पहिल्या वर्षी तपासल्या. नव्या होत्या तेव्हा. मले माहीत हाये, तिनंच सांगतलं होतं. दुसऱ्या वर्षी कायले तपासते? त्याच डब्या."

"मग परवा येऊन राहिली ना ती. आल्यावर सांगजो."

"उद्या बोलून टाकल्यावर?"

"अवं, तिथं काय कोर्ट हाये का? विद्वान लोकं बसतील, टाळ्या वाजवतील, चहा पितील. मागून दुरुस्त करता येते. आज सांगशील त् रातभर झोपणार नाही पोट्टी. सरांपुढं काय सांगंल, माझ्या मायनं राखेनं घासल्या म्हणून? सगळे हसतील. मागं फोनवर हसले तसे."

हे त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण सत्यवतीला ते वर्मी लागलं, कारण दुपारपासून ती स्वतःशी तेच म्हणत होती. परिषदेतले लोक तिच्या डोळ्यांसमोर येत होते; आणि त्यांतला एकजण डबी उचलून उजेडात धरून आतून पाहत होता.

"अन् नत्थूजी?" ती म्हणाली.

आनंदरावांनी तोंडावरून हात फिरवला.

"तो म्हणाला, तू म्हणशील ते खरं. मी ऐकलं, तुम्ही नव्हते घरी. तिनं उद्या चारचौघांत म्हटलं की मग ते खरं झालं, जयाचे बाबा. छापून येईल, समितीकडे जाईल. मग आपण परवा म्हणायचं, थांबा, ती आमच्या शेगडीतली राख होती? तेव्हा पोरीचं कोण ऐकंल? भट्टीच्या कोपऱ्याचा आकडा खरा हाये, तो तर पहिल्या वर्षीही होता. तोसुद्धा कोणी खरा मानणार नाही मग."

"तिनं तुले शब्द द्याले लावला होता," आनंदराव म्हणाले. पण आता ते अडवत नव्हते, आठवण करून देत होते.

"हाव. काळजीचा फोन करायचा नाही."

तिनं कॅलेंडरचं पान फाडलं, नंबराचा कोपरा घडी करून मुठीत घेतला. साडी बदलायची राहिली. चुलीवर वरण होतं, ते आनंदरावांनी उतरवलं.

उन्हं उतरली होती. भैयाजी दुकानापुढं पाणी शिंपडत होते. तिला पाहून त्यांनी बादली खाली ठेवली.

"क्या बहनजी, बिटिया फिर पानी पे गई?"

"नाही. हैदराबादला आहे. ट्रंक कॉल लावायचा, भैयाजी. अर्जंट लावा."

"सब ठीक तो है?"

सत्यवतीनं नंबराचा कागद गल्ल्यावर उलगडून ठेवला. भैयाजींनी चष्मा लावला, नंबर एक्सचेंजला सांगितला, आणि हातानंच तिला पोत्याकडे बसायची खूण केली. लाइन लागायला वेळ लागेल म्हणाले. ती बसली नाही.

जया फोनवर येईल ती चिडूनच येईल. गेस्ट हाउसच्या ऑफिसात चार लोक असतील, ती आवाज दाबून म्हणेल, आई, तू शब्द दिला होता. आणि म्हणता म्हणता ठेवूनही देईल. तिनं ठेवण्याआधी सगळं सांगून झालं पाहिजे. सत्यवती गल्ल्याला टेकून मनात वाक्य जुळवत राहिली, लांबलं की तोडत, पुन्हा जुळवत. जेवलीस का, नको. कशी आहेस, तेही नको. ते विचारलं की संपलंच.

जया, ठेवू नको, काम आहे. तुझ्या सगळ्या डब्या मी शेगडीच्या राखेनं घासल्या होत्या.

एवढंच. बाकी पोरीला समजेल. तिनं ते वाक्य एकदा ओठ हलवून म्हणून पाहिलं, आणि फोनकडे बघत उभी राहिली.